बोळा घट्ट चावून धरा

दात ओढून काढत नाहीत. हे मी सत्तावीस वर्षं लोकांना सांगत आले आणि अजून कुणाला पटलेलं नाही. दात हलवून काढतात. आधी भूल द्यायची, मग हिरडी दातापासून जरा सुटी करायची, मग पकड लावून दात हाडाच्या दिशेने दाबायचा आणि एकदा आत, एकदा बाहेर असा सावकाश झुलवायचा. जमिनीत रोवलेला कुंपणाचा खांब काढताना माणूस झुलवतो, तसाच. हाड थोडी थोडी जागा देत जातं आणि शेवटी दात आपणहून पकडीत येतो. या सगळ्यात पेशंटचं डोकं कुणीतरी धरून ठेवावं लागतं, नाहीतर दाताबरोबर डोकंही झुलतं. डोकं धरणारं ते कुणीतरी म्हणजे मी.

माझं शिक्षण बारावी. माहेर कणकवलीकडे. लग्न होऊन वसईत आले, आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एका दातांच्या डॉक्टरांकडे 'तीन महिने बघू' म्हणून लागले. गेल्या वर्षी गुडघ्यांनी जिना चढायला नकार दिला, तेव्हा सोडलं. मधल्या काळात किती डोकी धरली याचा हिशोब नाही. लोक मला सिस्टर म्हणायचे. मी नर्स नव्हे, हे सुरुवातीला सांगत असे. नंतर सोडून दिलं.

आमचे डॉक्टर स्वभावाने फार चांगले, फक्त एक खोड होती. पेशंटच्या तोंडात दोन्ही हात घातले की त्यांना गप्पा सुचायच्या. "काय, मुलीचं जमलं का कुठे?" असं विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे. पेशंट बिचारा "आ आ ओ" करायचा. मग मी सांगायचे, "जमलं म्हणतायत, मुलगा नायगावचा आहे." सवयीने मला ती भाषा यायला लागली होती. भूल दिलेली जीभ, कापूस भरलेला गाल, अर्धी कवळी, कशातूनही आलेलं बोलणं मला कळायचं. या गोष्टीचा मला अभिमान होता. इतका, की डॉक्टरांनी चारचौघांत तसं बोलून दाखवलं की मी खोटं खोटं लाजायचे.

माणसं तऱ्हेतऱ्हेची यायची. सातिवलीच्या एका कारखान्यातले सुपरवायझर आले होते, घरी स्वतःच प्रयत्न करून दमलेले. त्यांनी पिशवीतून पक्कड काढून डॉक्टरांच्या हातात दिली आणि अदबीने म्हणाले, "ही वापरा, कोरी आहे." जूचंद्रच्या एक बाई काढलेली दाढ धुऊन मागून घेऊन गेल्या. नवऱ्याला आपलं दुखणं खरं वाटत नाही, त्याच्या ताटाशेजारी ठेवणार होत्या. आणि एक प्राध्यापक भुलीचं इंजेक्शन दिल्यावर, गळ्यात आमचा कागदी रुमाल तसाच ठेवून, पळून गेले. तिसऱ्या दिवशी आले, तेव्हा त्यांनी तो रुमाल घडी करून परत आणला होता.

पण दिवाळी अंकासाठी लिही असं ज्यांनी सांगितलं, त्यांना मी तेव्हाच म्हटलं, लिहीन तर अण्णांचं लिहीन. कारण त्या दिवशी माझी विद्या उघडी पडली, आणि एका माणसाच्या जिवावर बेतलं होतं.

अण्णा गिरीजचे. केळीची आणि नारळाची वाडी, अडुसष्ट वर्षं वय, अंगाने काटक, स्वतः वाडीत राबणारे. त्यांच्याकडची सुकेळी आमच्या दवाखान्यात दर वर्षी यायची. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सुकवून करतात ती, गोड आणि चिवट. असंच एक सुकेळं खाताना अण्णांची खालची उजवी दाढ उभी चिरली. मला फोनवर सांगताना म्हणाले, "सुकेळ्याचा काही दोष नाही हां, दाढच जुनी होती."

त्यांचे धाकटे भाऊ वसंतराव शेजारच्याच वाडीत राहायचे. मूळची एकच वाडी, वडिलांनी दोन भाग करून दिले होते, विहीर मात्र सामाईक. या दोघांचं बोलणं बंद होतं. नऊ वर्षं. विहिरीवरची मोटार एकदा चालू राहिली आणि जळाली. ती चालू कुणी ठेवली यावरून दोघांचं जे वाजलं, त्यानंतर दोघांनी वेगवेगळ्या मोटारी बसवल्या आणि जुन्या मोटारीची खोली रिकामी पडली. सगळ्या गिरीजला हे माहीत होतं. मलाही होतं, म्हणून दोघांना मी कधी एका दिवशी बोलवत नसे. त्या मंगळवारी चूक माझी झाली. फोनवर नाव घेताना मी वहीत फक्त आडनाव लिहिलं, दोनदा. मला वाटलं, एकच माणूस दोनदा लिहिला गेलाय.

सकाळी दहाला वसंतराव आले. त्यांची कवळी टोचत होती. डॉक्टरांनी ती काढून घासायला घेतली आणि वसंतराव तोंडाला रुमाल लावून बाहेरच्या बाकावर बसले. वर खाली एकही दात नाही त्यांना, त्यामुळे कवळीशिवाय ते शक्यतो बोलत नसत. सव्वादहाला जिन्यावर अण्णा, आणि मागे त्यांच्या पत्नी सुमनकाकी.

बाक एकच. अण्णा एका टोकाला, वसंतराव दुसऱ्या टोकाला, मध्ये काकी. दोघे भाऊ भिंतीवर लावलेला दातांचा तक्ता असा निरखून बघत होते की जणू त्यावर उद्या परीक्षा आहे.

मी फॉर्म घेऊन अण्णांसमोर उभी राहिले. दात काढण्याआधी काही प्रश्न विचारायचे असतात. दाताची जखम म्हणजे हाडातला खड्डा. तिथे रक्त साकळून गाठ बसली पाहिजे, ती गाठ म्हणजेच त्या खड्ड्याचं झाकण. कुणाला असं औषध चालू असेल ज्याने रक्त लवकर साकळत नाही, तर डॉक्टर आधीच वेगळी तयारी ठेवतात. दात काढता येतोच, फक्त माहीत असावं लागतं.

"अण्णा, बीपी?"

"नाही."

"शुगर?"

"नाही."

"हृदयाचं काही? रक्त पातळ व्हायची गोळी वगैरे?"

अण्णांनी एक क्षण तक्त्यावरच्या अक्कलदाढेकडे बघितलं. "नाही."

"अहो, यांना साधा ताप येत नाही," काकी म्हणाल्या. "वर्षानुवर्षं गोळीला हात लावला नाही यांनी."

मी चारही रकान्यांत 'नाही' लिहिलं. माझ्या अक्षरात. वसंतरावांनी रुमालाआड काहीतरी हालचाल केली होती, हे मला नंतर आठवलं. तेव्हा वाटलं, खोकले.

दाढ छान निघाली. चिरलेली होती, दोन मुळं होती, तरी दहा मिनिटांत. अण्णांनी हूं की चूं केलं नाही. डॉक्टरांनी तेवढ्यात त्यांना यंदा नारळ कसे आहेत ते विचारलं, आणि मी सांगितलं, "माकडांनी निम्मे पाडले म्हणतायत." सगळं नेहमीसारखं. खड्ड्यावर कापडी बोळा ठेवला आणि मी माझं रोजचं वाक्य म्हटलं, "बोळा घट्ट चावून धरा. अर्धा तास. बोलायचं नाही, थुंकायचं नाही." डॉक्टर वसंतरावांची कवळी घासायला आतल्या खोलीत गेले. तिथलं यंत्र सुरू झालं की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही.

काकी इतका वेळ खुर्चीशेजारीच उभ्या होत्या, त्यांना मी आईस्क्रीम आणायला पाठवलं. दात काढल्यावर गार खाल्लेलं बरं असतं. त्या जिना उतरल्याचा आवाज आला, आणि खुर्चीत रेललेले अण्णा ताडकन उठून बसले.

"ओई," ते म्हणाले.

"बोलायचं नाही अण्णा."

"ओई! अआची ओई!"

मी कान दिला. सत्तावीस वर्षांची विद्या. "पोळी? नाही हो, पोळी आज नाही. मऊ भात खा, तोही गार करून."

त्यांनी कपाळावर हात मारला. "ओ... ई!"

"होळी?" मी म्हटलं. "होळीला अजून चार महिने आहेत."

अण्णांनी बोळा तोंडातून काढला आणि बोलायला तोंड उघडलं. रक्ताची धार हनुवटीवरून शर्टावर आली. मी लगेच नवा बोळा कोंबला आणि चांगली रागावले. "लहान आहात का? सांगितलं ना, तोंड उघडायचं नाही!" नंतर मी या क्षणाचा खूप विचार केला आहे. माणूस जे सांगायला धडपडत होता, ते मी माझ्याच हाताने त्याच्या तोंडात परत ढकलत होते. आणि काम चोख केल्याचं समाधानही होतं मला.

त्यात आणखी एक भानगड होती. एरवी अण्णा माझ्याशी बोलताना माझ्यासारखं बोलायचे. पण घाबरल्यावर माणूस घरच्या बोलीवर जातो. त्यांच्या वाडीत घरात जे बोलतात ते मला कोरड्या तोंडाने बोललेलंही निम्मंच कळतं. इथे तर ते बोळ्यातून येत होतं.

दुसरा बोळाही पाच मिनिटांत लाल झाला. तिसरा दिला. मग अण्णांनी हाताने लिहिण्याची खूण केली. मी फॉर्मची मागची बाजू आणि पेन दिलं. चष्मा काकींच्या पर्समध्ये होता. अंदाजाने, वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'गोळी'.

"अहो, मग असं सांगा ना!" मी म्हटलं. "मिळणार गोळी. भूल उतरायच्या आत देते मी. अजिबात दुखणार नाही."

अण्णांनी कागद परत ओढला आणि 'गोळी'च्या अलीकडे लिहिलं, 'रक्त'.

"रक्त थांबायची गोळी," मी वाचलं. "हां, विचारते डॉक्टरांना. चांगलं सुचवलंत."

त्यावर अण्णांच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी याआधी कुठल्याही पेशंटकडून ऐकला नव्हता. मी चौथा बोळा हातात घेतला. आता मलाही बरं वाटत नव्हतं. पाव तास होऊन गेला होता आणि गाठ धरायचं नाव नाही. अण्णांचा रंग उतरला होता. डॉक्टरांना हाक मारायला मी वळले, तर दारात वसंतराव उभे. रुमाल खाली घेतलेला, ओठ आत गेलेले.

"बाई," ते म्हणाले, "फातळ व्हायची घोळी."

"काय?"

"घोळी! लक्त फातळ व्हायची! तो फेशंट मघाफासून हेच सांगतोय!"

कवळी नसलेल्या माणसाने बोळा भरलेल्या माणसाचं भाषांतर केलं, आणि ते मला पहिल्या फटक्यात कळलं. मी धावत आत गेले, यंत्र बंद केलं. डॉक्टर तसेच उठून आले, हातमोजे चढवले आणि बोळ्यावर बोट दाबून अण्णांच्या उशाशी उभे राहिले.

"कुठली गोळी? एक की दोन? किती दिवस?"

डॉक्टरांचं बोट तोंडात, अण्णा आडवे. आता लिहिणंही शक्य नव्हतं. ते गळ्यातून बोलले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी वसंतरावांकडे बघितलं.

"दोन आहेत म्हणतो फेशंट," वसंतराव छताकडे बघत म्हणाले. 'अण्णा' म्हणायचं नाही, 'भाऊ' म्हणायचं नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, हे सगळं सांभाळून त्यांचं चाललं होतं. "दोन्ही सकाळी घ्यायच्या. हृदयात जाळी बसवलीय. दोन वर्षं झाली." (त्यांचं बोबडं बोलणं मी यापुढे सरळ करून लिहिते. त्या दिवशी आम्हाला ते तसं मिळालं नव्हतं.)

"तुम्हाला कसं माहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच नेलं होतं."

दोन वर्षांपूर्वी काकी भाचीच्या लग्नाला माहेरी गेल्या होत्या. अण्णा केळीत काम करता करता छाती धरून खाली बसले. वसंतरावांनी कुंपणापलीकडून बघितलं. ते गेले, त्यांना उचलून गाडीत घातलं आणि मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं.

"गाडीत तरी बोललात?" मी न राहवून विचारलं.

"कशाला बोलायचं? हायवेला ट्रॅफिक होतं."

चार दिवस वसंतराव हॉस्पिटलात राहिले. डॉक्टरांनी काही विचारलं की हे त्यांना उत्तर द्यायचे, ते अण्णा ऐकायचे. काकी परत आल्यावर अण्णांनी त्यांना सांगितलं की पुण्याला शेतीचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. कारण कळलं असतं तर काकींनी मुलाला सांगितलं असतं, आणि मुलगा त्यांना विरारला सातव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला असता. अण्णांना वाडी सोडायची नव्हती. हॉस्पिटलच्या डॉक्टरांना अण्णांनी दिलेलं हे कारण वसंतरावांनी आम्हाला सांगितलं तेव्हा अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"आणि गोळ्या कुठे ठेवता?"

"मोटारीच्या जुन्या खोलीत. मी पाकीट आणून फळीवर ठेवतो. तो सकाळी येऊन घेतो."

"दोन वर्षं? न बोलता?"

"बोलायचं काय त्यात? गोळी ती गोळी."

एवढ्यात अण्णांनी, तोंडात डॉक्टरांचं बोट असताना, एक लांबलचक वाक्य उच्चारलं. त्यात राग होता.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते तुमच्या कामाचं नाही."

"वसंतराव, सगळं सांगा. औषधाचं असेल तर मला कळलं पाहिजे."

वसंतरावांनी एक दीर्घ श्वास घेतला. "मोटार मीच, म्हणजे या वसंताने, चालू ठेवली होती म्हणतो."

"कुठली मोटार?" डॉक्टर म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

वसंतरावांच्या मोबाइलमध्ये हॉस्पिटलच्या कागदांचे फोटो होते. त्यातून आम्ही हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर काढला. आमच्या डॉक्टरांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून फोन मी धरला आणि स्पीकर लावला. तिकडून एक शांत आवाज आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेशंटला स्टेंट टाकून नेमकी किती वर्षं झाली?"

सगळे दाराकडे बघत होते. दारात काकी उभ्या होत्या, हातात आईस्क्रीमचे दोन कप.

वसंतरावांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा भावाला वाचवण्यासाठी खोटं बोलायचं ठरवलं, पण त्यांना त्याची सवय नव्हती. "वहिनी," ते म्हणाले, "ते दुसऱ्या पेशंटबद्दल आहे."

खोलीत पेशंट एकच होता.

काकींनी कप टेबलावर ठेवले. "दोन वर्षं झाली," त्या फोनला म्हणाल्या. "भाचीच्या लग्नाच्या आठवड्यात. म्हणजे दोन वर्षं आणि एक महिना."

अण्णांचे डोळे उघडले.

फोनमधल्या डॉक्टरांना आमच्याकडे काय चाललंय याची कल्पना नव्हती. त्यांनी सांगितलं, गोळ्या अजिबात बंद करायच्या नाहीत, जखमेवर टाके घाला, रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला बोळा लावा, दाबून धरा. आमच्या डॉक्टरांनी खड्ड्यात विरघळणारा स्पंज भरला आणि तीन टाके घातले. मी डोकं धरलं. माझ्या हाताखाली अण्णांच्या कपाळावरची शीर उडत होती. मी आतापर्यंत एवढी डोकी धरली, पण आपण काय धरलं आहे हे मला तेव्हा जाणवलं.

पंचवीस मिनिटांनी डॉक्टरांनी बोळा अलगद उचलून बघितलं. गाठ बसली होती. काळसर, चमकती, आपल्या जागी. मी आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट बघितली नाही असं तेव्हा मला वाटलं होतं, यावरून आमच्या धंद्यातल्या माणसांची कल्पना यावी.

अण्णांना बाहेरच्या बाकावर बसवलं, नव्या बोळ्यासह. बोलायला सक्त मनाई. वसंतराव त्याच टोकाला बसले, मध्ये काकी. मग मला राग आला. घाबरून झाल्यावर येतो तसला.

"काकी, तुम्हाला माहीत होतं ना सगळं? मग मघाशी मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"अहो, मी बोलले असते तर मला माहीत आहे हे यांना कळलं असतं ना."

काकींना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

"पुण्याहून आले ते मनगटाला चिकटपट्टी लावून," काकी सांगायला लागल्या. "प्रदर्शनात मनगट टोचतात का कुणाचं? मग रोज सकाळी त्या बंद खोलीत जायला लागले. मी एकदा जाऊन फळी बघितली. तेव्हापासून रोज बघते, पाकिटातल्या त्या दिवसाच्या गोळ्या गेल्या की नाही. नाही गेल्या तर चहा देताना म्हणते, अहो, विहिरीकडे माझी कळशी राहिली, जरा आणता का? मग जातात, आणि आठवतं त्यांना." त्या वसंतरावांकडे वळल्या. "भावजी, तुम्ही गणपतीत सासुरवाडीला गेला होतात तेव्हा पाकीट संपलं होतं. नवीन मीच आणून ठेवलं."

वसंतरावांचं तोंड उघडंच राहिलं. "मी म्हटलं, पाकीट संपायला हवं होतं, हे उरलं कसं."

"मुलाला सांगितलंत?" मी विचारलं.

"कशाला? तो यांना सातव्या मजल्यावर नेऊन ठेवेल. मग मी एकटी वाडीत काय करू?"

अण्णा बोळा चावून बसले होते. त्यांना बोलता येत नव्हतं आणि रडायलाही डॉक्टरांनी मनाई केली असावी असा त्यांचा चेहरा झाला होता. आईस्क्रीम वितळायला लागलं होतं. त्यांना तास-दोन तास काही खायचं नव्हतं, म्हणून काकींनी एक कप वसंतरावांना दिला. त्यांनी तो बिनदातांनी, दोन्ही ओठांनी, शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ला. अण्णा बघत होते. दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. कवळी घेऊन वसंतराव आधी निघाले. ते जिन्यावर तीन पायऱ्या उतरून थांबले. अण्णा आणि काकी त्यांना ओलांडून पुढे गेले, मग हे त्यांच्या मागून गेले.

त्या संध्याकाळी मी दवाखाना आवरताना तो फॉर्म पुन्हा बघितला. एका बाजूला माझ्या अक्षरात चार वेळा 'नाही'. दुसऱ्या बाजूला अण्णांच्या अक्षरात 'रक्त गोळी', खाली लाल डाग. मी योग्य प्रश्न विचारला होता. बाकावर तीन माणसं होती, तिघांनाही उत्तर माहीत होतं, आणि एकानेही दिलं नाही, कारण बाकीचे दोघे ऐकत होते. इतकी वर्षं मी बाकाजवळ उभी राहून, सगळ्यांसमोर, मोठ्याने हे प्रश्न विचारत आले होते. किती जणांनी शेजारी बसलेल्या माणसासाठी उत्तरं दिली असतील कोण जाणे. त्यांचं काही बिघडलं नाही ते त्यांच्या नशिबाने. माझ्या हुशारीने नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं, फॉर्म यापुढे आत, दार लावून भरायचा. पेशंट एकटा. ते हो म्हणाले. पहिल्या आठवड्यातच तीन जणांनी शुगर कबूल केली आणि एका गृहस्थांनी, मी काही विचारलेलं नसताना, दारू.

अण्णा आठ दिवसांनी टाके काढायला आले. तिघेही आले. जखम छान भरत होती. टाके काढून झाल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तुमचा फॉर्म नव्याने भरायचाय. पहिला सगळा खोटा आहे."

त्यांनी काकींना बाहेर बसायला सांगितलं. मी दार लावलं. अण्णांनी एकेका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं, हळूहळू, शाळेत तोंडी परीक्षेला बसल्यासारखं. गोळ्यांची नावं त्यांना पाठ होती. शेवटचा रकाना राहिला. अचानक काही झालं तर कुणाला कळवायचं, त्याचं नाव आणि नंबर.

"मुलाचं लिहू?"

"नको."

"काकींचं?"

"तिचा फोन पर्समध्ये तळाला असतो. उचलेपर्यंत माणूस जायचा." त्यांनी समोरच्या बेसिनमध्ये एक चूळ टाकली. मग म्हणाले, "वसंताचं लिहा."

मी नाव लिहिलं. "नंबर?"

अण्णांना नंबर माहीत नव्हता. नऊ वर्षांत गरज पडली नव्हती. ते खुर्चीतून उठले, गळ्यातला कागदी रुमाल तसाच, आणि जाऊन दार उघडलं. बाकावर काकी होत्या, त्यांच्या पलीकडे वसंतराव दातांचा तक्ता वाचत होते.

"ए वसंता," अण्णा म्हणाले, "तुझा नंबर काय रे?"

वसंतरावांनी तक्त्यावरून नजर काढली. काकी उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाकावर मधली जागा रिकामी झाली.

"लिहून घे," वसंतराव म्हणाले. "तुझ्या लक्षात नाही राहायचा."